मेंढरं वाळेपर्यंत

केराबाईने काठीचं टोक फाटकाच्या कडीत घातलं, कडी वर उचलली आणि आधी शेळी आत सोडली. शेळी गेली की मेंढरं आपोआप जातात. पहिली चार-पाच आत शिरली, तेव्हा कुठे चौकीतला तिप्पण्णा खुर्चीवरून उठला. त्याच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"बेड अक्का, बेड," तो हात आडवे करत आधी कानडीत म्हणाला. "आज नगं. आज पाव्हणी येणार हायती. सोलापूरची."

"मग? माजी मेंढरं पाव्हण्यांना चावत्यात व्हय?"

"साहेब माज्यावर येईल की."

"येऊ दे की. तुला पगार कशाचा देत्यात मग?"

एक मेंढी तिप्पण्णाच्या आडव्या हाताखालून निघून गेली. तिच्यामागून दुसरी. माणसं अडवायला शिकलेले ते हात मेंढरांच्या मानाने फार उंचावर होते. त्याने ते थोडा वेळ तसेच धरले, मग खाली सोडले.

कळपाच्या शेवटी केराबाईचा मुलगा कुमार होता. तो हाकत नव्हता, नुसता मागून चालत होता. मेंढरं विकायची आणि पुढच्या महिन्यापासून कंपनीत राखणदार म्हणून लागायचं, असं त्याने ठरवलं होतं. अभिमन्यू साहेबांशी बोलणं झालं होतं. आईशीही झालं होतं, पण ते ऐकून आई मेंढरं मोजायला निघून गेली होती.

"आये, गुमान माघारी चल. वड्याला न्हिऊ."

"वड्याला पाणी हाय का?"

ओढा कधीचाच आटला होता.

"परवा कातरणी हाय. न धुता कातरली तर ती लोकर कोण घील? तू घेशील? गादी कर आन् झोप त्यावं."

कल्लेवाडीतून धरणाच्या पाण्याकडे जायला एकच उतार होता. तो सोमशेखर मालकांच्या शेतातून जाई. मालक स्वतः कधी अडवायला आले नाहीत, त्यांचे वडीलही आले नव्हते. दिवाळीत मालकांनी शेत पर्यटनाच्या कंपनीला विकलं आणि मुलाकडे पुण्याला गेले. कंपनीने तारेचं कुंपण ओढलं, फाटक बसवलं, पाण्यालगत ट्रकने हिरवळ आणून अंथरली. तेव्हापासून केराबाईने दोनदा दिवसाउजेडी मेंढरं आणली होती आणि दोनदा शिव्या खाऊन परत नेली होती. एरवी कुंपण जिथे ढिलं होतं तिथून पहाटे चोरून पाजून आणायची. पण धुणं चोरून होत नाही. आज परत फिरायचं म्हणजे उतार सोडला असंच झालं असतं, आणि उतार सुटला की कळप ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने काठी खांद्यावर टाकली आणि शेळीच्या मागून चालायला लागली.

खाली हिरवळीवर पांढरा मांडव घातला होता. खुर्च्यांना पांढऱ्या खोळी, टेबलांवर पांढरं कापड. मांडवाच्या कडेला उर्वी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. सोलापुरात सात रस्त्यावरच्या एका जाहिरात संस्थेत ती मजकूर लिहायची. त्याआधी वर्तमानपत्रात होती. कंपनीला पर्यटकांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी गावाची ओळख करून देणारी चार पानी पुस्तिका हवी होती. 'अपरिचित किनारा : कल्लेवाडी' असं तिचं नाव ठरलं होतं. संध्याकाळी मजकूर छपाईला जायचा होता.

कंपनीचा व्यवस्थापक अभिमन्यू तिच्या खांद्यामागून वाचत होता.

"जलाशय नको," तो म्हणाला. "किनारा लिहा. सगळीकडे किनारा."

"वाचणाऱ्याला वाटेल समुद्र आहे."

"वाटू दे की. सोलापूरच्या माणसाला लाट बघायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. आपण तासाभरात दाखवतोय."

"इथे लाट नाही."

"वारा आला की येते. ते शेवटचं वाक्य वाचा जरा."

उर्वीने वाचलं. "'या किनाऱ्यावर कोणाचीही वहिवाट नाही.'"

"हां. ते जसंच्या तसं राहू दे. आमच्या वकिलांनी घातलंय. पैसे लावणारा माणूस आधी तेच बघतो. जागा मोकळी आहे ना, उद्या कुणी रस्ता मागत उभं राहणार नाही ना."

"काल मी पाण्यापर्यंत चालत गेले होते. लेंड्या दिसल्या. वाळलेल्याही होत्या आणि ताज्याही."

"चुकार मेंढरं. येतात कधी कधी. मेंढराला काय वाचता येतंय, फाटकावर पाटी आहे म्हणून?"

उर्वी थोडं हसली. मग तिने त्या वाक्याखाली रेघ ओढली. वर्तमानपत्रात असताना ज्या वाक्याची खात्री करून घ्यायची राहिलेली असे, त्याखाली ती अशीच रेघ ओढायची.

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी शेळीची घंटा, मग एकदम सगळ्या कळपाचा. अभिमन्यू वळला. उतारावरून काळी, पांढरी, करडी मेंढरं एकमेकांना खेटून खाली येत होती आणि त्यांच्या धुळीमागे, फाटकापाशी, दोन गाड्या थांबल्या होत्या. मेंढरं आत जाईपर्यंत पाहुण्यांच्या गाड्यांना वाट नव्हती.

केराबाईने लुगड्याचा काचा मारला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. पहिली मेंढी तिने कान धरून ओढली, पाण्यात घातली, पाठीवर पाणी मारलं आणि दहा बोटांनी लोकर फाकवून आतली माती सोडवायला लागली. भोवतीचं पाणी चहासारखं झालं. मेंढी दोनदा हिसकली, मग डोळे मिटून उभी राहिली. तिला काठाकडे ढकलून केराबाईने दुसरी घेतली.

अभिमन्यू बूट भिजणार नाहीत अशा बेताने काठावर आला. पाहुणे गाड्यांतून उतरत होते, म्हणून त्याने आवाज खाली ठेवला.

"मावशी, काय चाललंय हे? तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"व्हय की, सांगितलं हुतं."

"मग?"

"मी बी दोनदा ऐकलं की."

"बाहेर काढा सगळी. आत्ता."

"आर्धी धुऊन? आर्धा भादरलेला माणूस बगितलाय का कदी? न्हाव्यापाशी जाऊन बसा, कळंल."

कुमार काठावर उभा होता. अभिमन्यूने त्याच्याकडे पाहिलं. कुमारने पाण्याकडे पाहिलं.

पाहुणे मांडवाशी न थांबता सरळ पाण्याकडेच आले. पाच-सहा जण होते. सर्वांत पुढे सरोजिनीबाई. महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या, हातात पांढरी छत्री. निवृत्तीच्या पैशातून इथे दोन कॉटेज घ्यायचा त्यांचा विचार होता आणि त्यांचं बघून आणखी तिघे येणार होते. त्या काठावर येऊन थांबल्या आणि त्यांनी मोबाइल वर धरला.

"अगंबाई, हे काय आहे?"

अभिमन्यूने एक श्वास घेतला. पुढे तो बोलला ते मांडवातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात.

"मॅडम, ही कल्लेवाडीची खास परंपरा. कातरणीच्या आधीचं मेंढरांचं स्नान. तुम्ही येणार म्हणून आजचाच मुहूर्त धरलाय."

"म्हणजे आमच्यासाठी करून दाखवताय?" सरोजिनीबाईंचा मोबाइल खाली आला. "असलं मला आवडत नाही. राजस्थानात बघितलंय मी. माणसं नटवून उभी करतात."

"छे छे, मॅडम. हे खरंखुरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ह्याच उतारावरून येतात, ह्याच पाण्यात धुतात. वर्षातून दोनदा. काय मावशी?"

केराबाईने मेंढीच्या मानेखाली हात घातला होता. तो तिने काढला नाही.

"धरण नव्हतं तवा नदीत धूत हुतो," ती म्हणाली. "माजी सासू धुवायची. तिची सासू बी. उतार ह्योच."

"बघा," अभिमन्यू म्हणाला. "हे विकत घेऊन मिळत नाही, मॅडम. उर्वी, घ्या हे लिहून. मी बोललो तसंच्या तसं."

उर्वी मांडवातून उठून आली होती. तिने ते लिहून घेतलं.

मोबाइल पुन्हा वर गेला. मोठा मेंढा पाण्यात यायला तयार नव्हता. केराबाईने शिंगं धरली, तर त्याने तिलाच गुडघ्यावर आणलं. पाहुण्यांतून कुणी तरी हसलं आणि टाळी वाजवली. टाळी ऐकून कुमारने मान वळवली. कोण हसलं ते त्याने बघून घेतलं. मग त्याने चपला काढल्या, खिशातला मोबाइल काढून टोपीत ठेवला, टोपी दगडावर ठेवली आणि पँट न दुमडता पाण्यात शिरला. मेंढ्याला त्याने एका अंगाने दाबून धरलं. मेंढा धुऊन झाल्यावर कुमार बाहेर आला नाही. त्याने पुढची मेंढी ओढली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटचं मेंढरू पाण्यातून निघालं. मांडवात जेवणाची भांडी मांडून झाली होती. केराबाईने शेळीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला हिरवळीवर घेतलं. तिच्यामागून दीडशेच्या आसपास ओली मेंढरं मांडवाच्या तिन्ही बाजूंनी पसरली आणि एकेक करून अंग झाडायला लागली. पांढऱ्या खोळींवर करड्या पाण्याचे ठिपके उठले. पाहुणे ओरडत, हसत मागे सरले.

अभिमन्यू केराबाईपाशी आला. तो अजून हसत होता, कारण पाहुणे बघत होते.

"छान झालं, मावशी. आता घेऊन जा."

"कुटं?"

"घरी. मेंढरांच्या वाड्यावर."

"वल्ली हायती. रस्त्याला फुफाटा हाय. धुळीत गेली की लोळत्यात, मग धुतलेलं पाण्यात गेलं. हितं गवत हाय. वाळूस्तवर बसू द्या."

"किती वेळ लागेल?"

"आजचं ऊन, उद्याचं ऊन. परवा कातरणी."

"परवा? रात्रीसुद्धा इथेच?"

"आमी हाय की राखणीला."

अभिमन्यूचं हसू तसंच राहिलं, आवाज मात्र बदलला. "हे बघा. तुमचं नुकसान करायचं नाही मला. दर रविवारी मेंढरं आणा, पाहुण्यांना दाखवा, पैसे देतो. पण जेव्हा सांगू तेव्हा यायचं आणि सांगू तेव्हा निघायचं."

"दर रविवारी धुतलं तर मेंढरू गारठून मरंल," केराबाई म्हणाली. "तुमीच बसा की पाण्यात दर रविवारी. मी येते बगायला."

सरोजिनीबाई एका कोरड्या खुर्चीवर बसल्या होत्या. एक मेंढी त्यांच्या छत्रीच्या सावलीत येऊन टेकली होती आणि त्यांनी छत्री जराही हलवली नव्हती.

"कातरणी परवा म्हणाल्या ना?" त्यांनी विचारलं. "मी थांबले असते. निदान येऊन जाईन. चालेल ना हो अभिमन्यू?"

"हो... हो मॅडम. नक्की."

उर्वी लॅपटॉप घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"एक विचारायचं होतं," ती अभिमन्यूला म्हणाली. "तुमचं वाक्य घेतलंय. 'पिढ्यान्‌पिढ्या ह्याच उतारावरून येतात, ह्याच पाण्यात धुतात.' तुमच्या नावाने. आणि शेवटी ते आहे, 'कोणाचीही वहिवाट नाही.' ही दोन्ही एका पुस्तिकेत राहणार नाहीत. कुठलं काढू?"

"ते नंतर बघू."

"संध्याकाळी छपाईला जायचंय."

"कुठलं वाक्य?" सरोजिनीबाईंनी हात पुढे केला. "बघू."

उर्वीने अभिमन्यूकडे पाहिलं. तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला, तेव्हा तिने लॅपटॉप सरोजिनीबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही वाक्यं वाचली. मग समोर पाहिलं. समोर मेंढरंच होती.

"खरं कुठलं?" त्यांनी विचारलं.

अभिमन्यू म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या, मॅडम. सावकाश बोलू." मग तो कुमारकडे गेला. कुमार काठावर पँटचे पाय पिळत होता.

"कुमार, तू शहाणा आहेस. पुढच्या महिन्यात इथेच काम करायचंय ना तुला? आईला समजाव. तासाभरात हिरवळ मोकळी झाली पाहिजे."

कुमारने दुसरा पाय पिळला. केराबाई थोड्या अंतरावर गवतात बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती एका मेंढीच्या खुरात अडकलेला खडा काढत होती आणि तो निघाला तरी खूर हातातच धरून बसली होती.

"साहेब," कुमार म्हणाला, "मगाशी हसलं कोण?"

"कोण? कधी?"

कुमारने उत्तराची वाट पाहिली नाही. तो दगडापाशी गेला, टोपीतून मोबाइल काढला, ओलं बोट शर्टाला पुसलं आणि कातरणाऱ्यांच्या मुकादमाला फोन लावला.

"बिरुदेव मामा, कुमार बोलतोय. परवाची कातरणी वाड्यावर न्हाय. धरणावं हाय... व्हय, त्याच गवतावं. सगळ्यांना घिऊन या."

पलीकडून काही तरी विचारणा झाली. केराबाईने मेंढीचा खूर सोडला.

"न्हाय," कुमार म्हणाला. "कुणाला इचारायचं न्हाय."