अर्थ सांगणारी

मोबाइलवर व्याख्यान चालू असताना पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी सरकते. कुणी ऐकत असो वा नसो, तिचा वेग बदलत नाही. उदगीरच्या अंजूचा मोबाइल डाळीच्या डब्याला टेकून उभा होता. आवाज बंद होता आणि ती भाकरी थापत होती. पट्टी पूर्ण भरली.

"झाला का गं धडा?" सासूबाई गंगम्मांनी विचारलं.

"झाला, आत्या."

"काय म्हणाला मास्तर?"

अंजूने तव्यावरची भाकरी उलटली.

धान्य साठवणुकीचा तो मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम होता. देशभरातले हजारो लोक तो शिकत होते. लग्नामुळे अंजूचं बी.एस्सी. अर्धवट राहिलं होतं, म्हणून तिने मोठ्या हौसेने नाव नोंदवलं. पण भाषा इंग्रजी, आणि अडलं तर विचारायला कुणी नाही. याआधी दोनदा तिने तो मध्येच सोडला होता. लातूरला त्याची परीक्षा असते, हे घरात बोलायचं ती टाळत होती. एकदा बोललं की माघार घेता येणार नाही, अशी भीती होती.

"मठात पोथी कुणी एकटं वाचतं का?" गंगम्मा म्हणाल्या. "एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे मधीच इचारत्यात. तुझा मास्तर नुस्ता वाचून राहिला. अर्थ सांगणारं कोण हाय?"

"मलाच अर्धं कळतं, आत्या."

"मग अर्धंच सांग. बाकीचं इचारून मी तुला हैराण करते."

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या कमलम्माही येऊन शेंगा फोडत बसू लागल्या. अंजू थोडं ऐके, व्हिडिओ थांबवी, मराठीत सांगे. प्रश्नांना उत्तर देता आलं नाही, की तोच भाग पुन्हा लावी. किड्यांनाही श्वास लागतो, गच्च बंद डब्यातली हवा संपली की ते मरतात, हे सांगताना तिला स्वतःलाच ते नीट उमगलं.

कमलम्मांचा हात थांबला. "म्हंजे मी रोज झाकण काढून 'मेले का' बघत होते, ते त्यांना हवाच देत होते की!"

तिघी खूप हसल्या.

वाचकहो, मोफत ज्ञान आज आपल्या उंबऱ्यापर्यंत येतं. तिथून ते आत आणायला माणसं लागतात. घरात कुणी असं एकटं शिकत असेल, तर घटकाभर जवळ बसा आणि 'आज काय शिकलीस?' एवढं विचारा. शिकणाऱ्याला तेवढा आधारही पुष्कळ होतो.

परीक्षेसाठी नाव नोंदवायच्या शेवटच्या दिवशी अंजूचा नवरा राजशेखर आडत दुकानातून जेवायला आला. मोबाइल पाहून त्याने नेहमीसारखं चिडवलं, "फुकटचं हाय म्हणून चाललंय. यंदा कधी सोडणार?"

गंगम्मांनी सुनेकडे पाहिलं. अंजूने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"सोडणार नाही," ती म्हणाली. "मी लातूरला परीक्षेला बसणार आहे."