केसांखालची कातडी

केस भादरायचं मशीन घरघरलं आणि घोड्याने मागची लाथ झाडली. बादली भिंतीवर आपटून चेपली, पाणी तबेलाभर पसरलं आणि नाल ताईच्या नडगीला ओझरता चाटून गेला. तिने घोड्याला एक सणसणीत शिवी हासडली, नडगीवरचं रक्त तळहाताने पुसलं आणि मशीन पुन्हा त्याच्या मानेला लावलं. बावीस वर्षं लोकांची जनावरं भादरणाऱ्या बाईला असल्या लाथांचं काय कौतुक!

“राहू दे ना, ताई,” दारात उभी असलेली धाकटी बहीण म्हणाली. “त्याला नकोय ते.”

“परवा विटांच्या गाडीसकट भर रस्त्यात आडवा पडला, तेव्हा विचारलं होतंस का त्याला, काय हवंय म्हणून?”



घोड्याचं नावच अस्वल पडलं होतं. म्हातारपणी कसलासा आजार जडला आणि त्याचे केस झडायचेच बंद झाले. उन्हाळा डोक्यावर आला तरी अंगावर वीतभर लोकर. भादरा, नाहीतर पुढच्या खेपेला उठायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तसा धाकटीचा नवरा, म्हणजे गाडीवान, तडक ताईकडे गेला. पण धाकटी हटून बसली. म्हणे केस काढले की ऊन थेट कातडीवर, वर माश्या फोडून खातील, म्हणजे आगीतून फुफाट्यात. खरारा मी करते, दाणापाणी मी बघते, मला कळतं. दोन दिवस नुसती वादावादी. शेवटी ताईने ‘मी थोरली आहे’ एवढ्या एका मुद्द्यावर ती मिटवली. आई गेली तेव्हा ताई सोळाची होती आणि धाकटी सहाची. तिला लहानाची मोठी करून संसाराला लावली ती ताईनेच, तेव्हा शेवटचा शब्द ताईचाच असायचा.

गाडीवान खुंट्याला बांधलेला दोर दोन्ही हातांनी धरून घोड्याच्या तोंडाशी उभा होता. अस्वलाने मान झटकली ती थेट त्याच्या तोंडावर. ओठ फुटला.

“सोडू नका हं, जावईबापू,” ताई म्हणाली.

“नाही सोडत. तुम्ही चालू द्या.”

मान झाली, खांदा झाला. केसांचे पुंजके ओल्या जमिनीवर पडत गेले. मशीन मागे पुठ्ठ्यांकडे सरकलं मात्र, घोडा पिसाळला. त्याने सगळं अंग आडवं टाकून गाडीवानाला भिंतीशी चेपलं. गाडीवान कळवळला, पण दोर त्याने सोडला नाही. ताईने दात खाऊन एक पट्टा भादरला आणि तिचा हात थांबला.

केसांखाली वळ होते. बोटाएवढे जाड, एकावर एक. जुने पांढरे पडलेले, नवे खपली धरलेले, आणि एक अजून पाझरत होता. दांड्याचे वळ. ताईने आणखी एक पट्टा काढला. तिथेही तेच.

तिने मशीन बंद केलं आणि तेच जड मशीन गाडीवानाच्या तोंडावर हाणलं. तो खाली बसला. त्याने तोंडाला हात लावला, तर हातात दात आला.

“मुक्या जनावराला?” ताई ओरडली. “तोंड दाबून बुक्क्यांचा मार?”

“मी नाही, ताई.” त्याला नीट बोलता येत नव्हतं. “मी याला फक्त गाडीला जुंपतो. आणि तुम्हाला बोलावलं कोणी? मीच ना? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?”

“चोराच्या उलट्या बोंबा!” तिने पुन्हा हात उगारला.

“ताई, पुरे!” म्हणत धाकटी धावत आत आली.

आणि घोड्याने दोराला असा हिसका दिला की खुंटा हलला. मागे सरत सरत तो कोपऱ्यात गेला, पुठ्ठे भिंतीला लावून उभा राहिला आणि उभ्या जागी मुतला. मशीन बंद होतं. गाडीवान तर इतका वेळ त्याच्या पुढच्या पायांशीच बसला होता, त्याचं त्याला काही नव्हतं. घोडा धाकटीकडे बघत होता.

ताईचा हात खाली आला.

“तू?”

धाकटीने नाही म्हटलं नाही. ती वळांकडे बघत राहिली, जणू तिनेही ते आजच पाहिले.

“वैताग आला की,” ती म्हणाली. “एकदा सुरू झालं की थांबता येत नाही.”

“मला कधी कसं दिसलं नाही?” गाडीवान म्हणाला.

“दिसेल कसं? दिसेल तिथे मारायचंच नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. रीत सांगावी तसं ती सांगत होती. “शाळेतल्या बाईंनी विचारू नये म्हणून ताई मला कायम पाठीवरच मारायची. झग्याखाली.”

 ताईला एकेक दिवस आठवत होता.

गाडीवान भिंतीला धरून उठला. त्याने आळीपाळीने दोघी बहिणींकडे पाहिलं आणि मग तो घोड्याच्या पुढे जाऊन उभा राहिला. ताईच्या हातातलं मशीन त्याने काढून घेतलं.

“उरलेलं मी भादरतो,” तो म्हणाला. “तुम्ही दोघी बाहेर व्हा.”

ताईला उभ्या जन्मात कोणी असं बाहेर काढलं नव्हतं. ती निमूट निघाली, धाकटीच्या मागोमाग.