सावली वाट

“सावळी म्हण, अवंतिका. सावळी! सावली म्हणजे छाया,” गुरुप्रसादकाका पुन्हा म्हणाले.

“मग छायाच समजा ना. गाणं माझं आहे.”

ग्वाल्हेरच्या माधवगंजात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी स्वतःची गाणी म्हणणार होते, आणि मंडळाचे चिटणीस असलेल्या काकांना माझा ‘ल’ सुधारल्याशिवाय चैन पडत नव्हतं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून ग्वाल्हेरचं, तरी जिभा अजून पुण्याच्या. आम्ही उपरे. बाबांना साखर कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी सहा वर्षांची असताना आम्ही साताऱ्याहून डबऱ्याजवळच्या एका खेड्यात आलो, आणि तिथल्या पोरी मला बांधावर उभं करून म्हणायच्या, “ए दक्खिनी, वो वाला बोल!” मी ‘बाळ’ म्हटलं की त्या हसून लोळायच्या. एका दुपारी मी ठरवलं, हे अक्षर पुन्हा तोंडातून काढायचं नाही. काढलं नाही. माझी सगळी गाणी त्या खेड्यातून आली आहेत आणि तिथल्याच जिभेनं मी ती गाणार होते. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दर्पण कॉलनीतल्या माझ्या खोलीत तालीम झाली. मी ‘ल’च गायले होते, आणि मग रेकॉर्डिंग लावलं. ‘मळ्यामागं सावळी वाट.’ ळ अगदी स्वच्छ.

मी पुन्हा गायले, जीभ दातांमागे दाबून, प्रत्येक ल मुद्दाम ठासून. रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा ळ, आणि या वेळी त्या अक्षरापुरता आवाज बारीक, सहा-सात वर्षांच्या पोरीसारखा.

“दी, दो आवाज़ें क्यों रखीं?” समरजीतनं तबल्यावरचा हात काढून विचारलं.

“एकच आहे.”

त्यानं पुन्हा ठेका धरला. तेवढ्यात आलेल्या काकांना मात्र ते रेकॉर्डिंग ऐकून भरून आलं. “शाब्बास! वळली की नाही जीभ?”

“ती मी नाहीये, काका.”

“बस कर गं, एवढी नम्रता शोभत नाही तुला.”

माझं लहानपण मी कसं उच्चारायचं, हे ना काका ठरवणार होते, ना दुसरं कुणी. कार्यक्रमात मी पहिल्या रांगेतल्या शालींकडे बघत खणखणीत ‘सावली’ म्हटलं. काका डोळे मिटून डोलले. त्यांच्या शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, “बघा, ळ किती शुद्ध!” मग शेवटच्या आवर्तनात त्या शब्दाशी आल्यावर मी ओठ घट्ट मिटले.

शब्द आला. बारीक आवाजात, ळसकट, माझ्या डाव्या कोपराखालून.

टाळ्या पडल्या. समरजीत शांतपणे उठला, माझ्या डावीकडचा निवेदनाचा माइक त्यानं सैल केला आणि कमरेइतका खाली आणला.

“दोनों की आवाज़ बराबर आनी चाहिए, दी.”

“पुढचं गाणं मी एकटी गाणार आहे,” मी म्हणाले आणि माइक पकडून वर ओढला.

तो येईना. खालून कुणीतरी धरला होता.