मागचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, रोल भरून वापरायचा. मोबाईलसारखं पोटातलं लगेच दाखवणं मला जमत नाही. रोल धुऊन येईपर्यंत मी ब्र काढत नाही. या गुणाचं एके काळी कौतुक व्हायचं.

माझी मालकीण बेघर कुटुंबांचे फोटो काढायची. पुलाखालच्या एका कुटुंबाकडे ती वर्षभर जात होती. आई, नशेपायी गवंडीकाम गमावलेला बाप आणि त्यांची चिमी. मालकीण म्हणायची, "मी काढलं तर लोकांना नुसती दया येते. तुमचं घर तुम्हीच टिपा." म्हणून जाताना ती मला आईच्या हवाली करायची. तिचे मित्र तिला वेड्यात काढायचे. मला मात्र ते घर आवडायचं. ताडपत्रीच्या भिंतीला आरसा टांगला होता, आणि चपला घालून कोणी आत आलं की आई रागवायची.

चिमीची वसतिगृहात सोय झाली. जाण्याच्या आदल्या सकाळी आई म्हणाली, "तिघांचा एक फोटो पाहिजे. पोरीजवळ राहील." त्या दिवशी बाप शुद्धीत होता. त्याने दाढी केली, भांग पाडला. शेजारणीने मला डोळ्याला लावलं. "अहो, हसा की! पोलिसांनी पकडल्यासारखे काय उभे राहिलात?" तिघेही खदखदून हसले. खटक्! असा फोटो माझ्या पोटात कधीच आला नव्हता.

दुपारी बापाला नशेची तलफ आली. आई पाण्याला गेली होती. त्याने मला शर्टाखाली दडवलं. "संध्याकाळी परत आणतो गं," तो चिमीला म्हणाला. ती कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे आली. त्याला अडवायला मला तोंडच नव्हतं.

जुन्या सामानाच्या दुकानदाराने मला उलटंसुलटं केलं आणि चाचपत मागचं झाकण उघडलं. भर उजेडात! थांबा, आत तिघं आहेत, असं मला ओरडायचं होतं.

संध्याकाळी मायलेकी शोधत आल्या. दुकानदार माणूस वाईट नव्हता. "उजेड लागला, ताई. आता यातून काही निघायचं नाही," तो ओशाळून म्हणाला. तरी आईने तो रोल मागून घेतला. चिमीने विचारलं, "मग बाबा हसले होते, ते कुठे गेलं?" आईने रोल पदराच्या गाठीत बांधला.

पुढे मालकिणीने दुकानदाराला पैसे देऊन मला सोडवून आणलं. तोवर चिमी वसतिगृहात गेली होती, आणि बाप पुन्हा पुलाखाली आलाच नाही. मी कपाटात पडून असतो. मालकीण मला हात लावत नाही.

मित्रांनो, कुठे जुना कॅमेरा सापडला तर झाकण उघडायची घाई करू नका. आधी विचारा, आत कोणी आहे का.