माझ्या पोटातून जमीन दिसली तेव्हा

मी एक म्हातारी पिकअप बोलतेय, आणि आज माझ्या तोंडाला जरा जास्तच वेग आहे, तेवढं सांभाळून घ्या हं! वय सव्वीस. रंग मूळचा निळा, आता तुम्ही म्हणाल तो. काम रोपं पोचवायचं.

कारखान्यातून निघाले ती थेट नर्सरीवाल्या बाबांकडे. मोठी झाडं मागे हौद्यात. पण नाजूक रोपं? त्यांना वारा लागतो ना! ती केबिनमध्ये, शेजारच्या सीटपुढे, रबरी मॅटवर. तीही नुकतं पाणी घातलेली. "सुकली तर गिऱ्हाईकाला काय तोंड दाखवू?" म्हणायचे. ते पाणी सव्वीस वर्षं ठिबकत मॅटखाली गेलं. वरून मॅट चकाचक, खाली मी गंजतेय. सांगणार कुणाला? मला बोलायला एक हॉर्न, तोसुद्धा घोगरा.

पुढे बाबांचा गुडघा गेला आणि लेक चालवायला लागली. सतत घाईत. मला 'म्हातारे' म्हणते, पण चढ आला की डॅशबोर्डवर थोपटते. गेल्या महिन्यात कुंडी ठेवायला आत चढली आणि तिचा पाय आरपार! चप्पल खाली रस्त्यावर, बाई वर लटकलेल्या.

"बाबा, हिच्या तळाला भोक पडलंय!"

"भोक कसलं, वरचं बोलावणं आहे ते. भंगारात घाल."

"तुमचा गुडघा गेला तेव्हा तुम्हाला घातलं का भंगारात?"

बाबांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "कर दुरुस्त. पण तळ कापल्यावर दारं वाकडी झाली, तर मी एक शब्द ऐकणार नाही. हिला भंगारात द्यायची."

म्हणजे माझं मरण-जगणं दारांवर आलं की हो!

पत्र्याचं काम करणाऱ्या काकांनी मॅट उचलली आणि शिट्टीच वाजवली. गंजाच्या पापुद्र्यांत पांढरीशुभ्र मुळं पसरलेली. गळलेल्या मातीत काहीतरी रुजलं होतं. माझ्या आत! आईशप्पथ, मला पत्ताच नव्हता.

"कशानं झालं हे एवढं?" काकांनी विचारलं.

"लाडानं," लेक म्हणाली.

काकांनी आधी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत आडवा पाइप जोडला. "तळ काढला की दारांच्या चौकटी एकमेकींकडे झुकतात. आधी आधार, मग कापाकापी." मग ग्राइंडर किंचाळला, ठिणग्या उडाल्या, कुजका तुकडा धाडकन खाली.

आणि उजेड आला. खालून!

अहो, सव्वीस वर्षं मी जिच्यावर पळाले, ती जमीन मी पहिल्यांदा पाहिली. खडे, ऑइलचा डाग, आणि स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत निघालेली एक मुंगी. बघतच राहिले. एवढं सगळं माझ्याखालून रोज जात होतं?

काकांनी नवा पत्रा ठोकून ठोकून त्यात उंचवट्याच्या रेषा काढल्या. नुसता सपाट पत्रा थरथरतो म्हणे. मग वेल्डिंग. एक टिंब इथे, दुसरं पार तिकडे.

"काका, सरळ रेघ ओढा ना एका दमात!"

"तुझी ट्रेन सुटतेय का? एका जागी तापला की पत्रा वाकतो. त्याला गार होऊ दे, तूही हो."

बोटं भाजलेली, चष्म्याला टेप, पण त्या माणसाला लोखंडाचा स्वभाव कळतो! आतापर्यंत मला वाटायचं, तो फक्त मलाच ठाऊक आहे.

शेवटी पाइप कापला. आता परीक्षा दारांची. बाबा काठी टेकत आले. दार उघडलं, एका बोटानं ढकललं.

टक्. लागलं.

दुसरं दार. टक्.

बाबांनी काठी लेकीच्या हातात दिली, वर चढले आणि नव्या तळावर दोन्ही पाय रोवून बसले. सगळा भार माझ्यावर. मी हूं की चूं केलं नाही.

"बघतेस काय? चालव."

तर मंडळी, निघते मी. एकच मागणं आहे, तुमच्या गाडीतली मॅट अधूनमधून उचलून बघत जा. आम्ही आपणहून सांगत नाही.