ताकदीची सुई

कसाऱ्याच्या घाटात रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. छप्पन-सत्तावन्न साल असेल. मजुरांच्या वस्तीच्या टोकाला भागीची झोपडी होती. ती मूळची धसईकडची. नवऱ्याबरोबर खडी फोडायला आली, नवरा दुसरीला घेऊन निघून गेला, आणि मुकादम महिपतने तिला झोपडीत राहू दिलं. का राहू दिलं, ते वस्तीला ठाऊक होतं. आधी तो एकटा येई, मग त्याने पाठवलेले येऊ लागले.

भागीची दोन मुलं मेलेलीच जन्मली होती. आता तिसरं पोटात होतं.

मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई दर गुरुवारी खर्डीला दवाखाना भरवत. गुप्तरोग अशा वस्त्यांतून कसा पसरतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी भागीचं रक्त तपासलं आणि तिला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या रक्तात रोग आहे. तोच मुलांना मारतो. सुया पुऱ्या घेतल्यास तर हे मूल जगेल."

"जगंल? खरंच जगंल, बाय?"

"जगेल. पण तुझ्याकडे येणाऱ्या पुरुषांनाही सुई द्यायला हवी. नाहीतर ते पुन्हा तुला रोग देतील."

नावं विचारली तर कोणी येणार नाही, हे बाईंना माहीत होतं. म्हणून त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. भागीने येणाऱ्याला चिठ्ठी द्यायची, त्याने ती खर्डीला दाखवायची, सुई घेऊन जायचं. नाव नाही, गाव नाही. या युक्तीचा बाईंना थोडा अभिमान होता.

"पण जो तुझ्याकडे आला त्यालाच दे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला दिलीस तर माझा अभ्यास वाया जाईल."

भागीने पोटावर हात ठेवला. "ह्याची आन."

पहिला सावळ्या गेला. तो जखमांनी बेजार झाला होता. सुई घेताना त्याने विचारलं, "ही कसली सुई, दादा?" कंपाउंडर बाईंकडे, मग दारातल्या बायकांकडे बघून ओशाळला. एवढ्या लोकांत रोगाचं नाव कसं काढायचं? तो म्हणाला, "ताकदीची."

जखमा सुकल्या. सावळ्या पुन्हा दगड उचलू लागला. मग वस्तीत ताकदीच्या सुईचंच बोलणं झालं.

महिपत वाळू नावाच्या मजुराला घेऊन भागीच्या दारात आला. "भागे, एक चिठ्ठी दे गो. वाळूला पाह्यजे."

"तो कवा आला माझ्याकडं? आल्याबिगर देता येत नाय. बायला शबूद दिलाय."

"अस्सं!" महिपत हसला. "वाळू, ये रे. बाईच्या शब्दाचा मान राख."

त्यानंतर जे कधी तिच्याकडे फिरकले नव्हते तेही आले. पोटाकडे बघून एक-दोघं कुरकुरले, पण चिठ्ठी घेऊन गेले. भागी दात आवळून पडून राही. सुया मिळतील, मूल जगेल, एवढंच ती मनात म्हणे.

नंतरच्या एका गुरुवारी ती सुई घ्यायला खर्डीला पोचली तेव्हा पुरुषांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. बाई आत मान खाली घालून लिहीत होत्या. एका बाईमागे एवढी माणसं सापडतात, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. भागीची पाळी येईपर्यंत औषध संपलं.

"माझी सुई, दादा. पोटातल्यासाठी हाय."

"तू काय, नेहमीचीच," कंपाउंडर म्हणाला. "ही माणसं मजुरी बुडवून आली. पुढल्या गुरुवारी ये."

पुढल्या गुरुवारी ती आली नाही. बाई तिच्यासाठी औषधाची एक बाटली घेऊन स्वतःच वस्तीत गेल्या. भागी कुडाला टेकून बसली होती. मांडीवर धडुत्यात गुंडाळलेलं मूल होतं. ते हलत नव्हतं.

बाईंनी पिशवीतून सुई काढली.

"आता कोनासाठी?" भागी म्हणाली. "मी नेमानं वागले, बाय. माझ्याकडं आल्याबिगर एकालाबी चिठ्ठी दिली नाय."

बाईंना कळेना. दारात उभ्या महिपतने समजावून सांगितलं. "तीच तर पंचाईत, बाय. ताकदीची सुई पाह्यजे तर आधी हिच्याकडं यायला लागतं. नायतर असल्या पोटुशीकडं कोन येतंय?" त्याच्या मागे चार-पाच जण आंघोळ करून, डोक्याला तेल लावून उभे होते. "हिच्या चिठ्ठ्या सरल्या म्हनते. नव्या आनल्या ना?"

"चिठ्ठ्या बंद," बाई म्हणाल्या. "यापुढे कोणालाही मिळणार नाहीत."

महिपतचं हसू गेलं. त्याने मागच्यांकडे पाहिलं, मग भागीकडे.

"मंग हिला झोपडीत ठेवून आमी काय करू?"

त्याने दोरीवरचं भागीचं लुगडं ओढून बाहेर फेकलं. मग मडकं फेकलं. भागी मूल छातीशी धरून बाईंकडे बघत राहिली.

"बाय," ती हळूच म्हणाली, "असतील तर द्या ना त्यांना."

नव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीतच होता.