इमोजीनबाईंच्या तळघरातल्या बाटल्या

हॉलिस स्टायव्हर्सला बंद पडलेल्या कारखान्यांची बर्बन व्हिस्की हुडकायचा नाद लागला, तेव्हा त्या बाटल्यांना केंटकीत कुणी विचारत नव्हतं. एक कारखाना बंद पडला तर लोक दुसऱ्याची प्यायचे, त्यात हळहळण्यासारखं काय? हॉलिस तेव्हा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी पिकअप काढून आडगावातल्या दारूच्या दुकानांत जायचा आणि वरच्या फळीवर धूळ खात पडलेली एखादी बाटली छापील किमतीत उचलून आणायचा. दुकानदार त्याला हसायचे. पुढे दिवस फिरले. शिकागो-न्यूयॉर्कची माणसं त्याच बाटल्यांसाठी जीव टाकायला लागली आणि हॉलिसचा शब्द सगळ्या परगण्यात प्रमाण मानला जाऊ लागला. बाटली अस्सल आहे की रिकाम्या बाटलीत भलतंच काही ओतून वर झाकण बसवलंय, हे तो झाकणावरची जुनी हिरवी सरकारी पट्टी आणि काचेच्या बुडातला आकडा पाहून सांगायचा.

ही विद्या त्याने एकाच माणसाला दिली. टोबिन रस्क, त्याच्या बायकोचा, वर्नाचा, धाकटा भाऊ. टोबिन घरांवर छपरं घालायची कामं करायचा. बोलका, अघळपघळ, कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून स्वतःच्या हाताने कॉफी ओतून घेणारा. हॉलिसच्या मागे मागे तो सगळीकडे हिंडला, आणि राज्याने कायदा बदलून परवाना असलेल्या दुकानांना लोकांच्या घरातल्या जुन्या सीलबंद बाटल्या विकत घ्यायची मोकळीक दिली, तेव्हा हॉलिस अजून विचारच करत होता नि टोबिनने दुकान टाकलंसुद्धा. बार्ड्सटाउनच्या मुख्य रस्त्यावर, कोर्टाच्या इमारतीसमोर. दुकानावर सोनेरी अक्षरांत नाव.

"दाजी, तुम्हीच गुरू," उद्घाटनाला टोबिन सगळ्यांसमोर म्हणाला आणि हॉलिसच्या खांद्यावर हात टाकून त्याने फोटो काढून घेतला. फोटोत हॉलिस हसतोय. पण घरी आल्यावर त्याने वर्नाला सांगितलं, की त्या सोनेरी अक्षरांना निदान स्पेलिंग तरी नीट जमलंय, एवढंच बरं. वर्ना म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय. दुखू दे, पण त्याला दाखवू नकोस." दुखत होतंच.

तरी त्याच्या मनाशी एक गोष्ट होती, जिच्या जोरावर तो शांत राहत असे. ती म्हणजे इमोजीन हॉबगुड यांचं तळघर.

इमोजीनबाईंचे यजमान आर्लो हॉबगुड पर्डीज फेरी नावाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या विभागात होते. तो कारखाना कधीच बंद झाला, इमारत पाडली, आता तिथे नुसतं गवत आहे. पण पर्डीज फेरीची बर्बन ज्यांनी चाखली होती ते तिच्याबद्दल आवाज खाली आणून बोलायचे. आर्लो दर नाताळला कारखान्याकडून मिळालेली बाटली घरी आणत आणि कारखान्याच्या शेवटच्या दिवशी तर त्यांनी पदरच्या पैशाने खोकी आणली होती. त्यातली एकही त्यांनी फोडली नाही. ही गोष्ट हॉलिसला आर्लोच्या अंत्यविधीच्या जेवणात कळली होती, आणि तेव्हापासून तो इमोजीनबाईंकडे जात होता. उन्हाळ्यात गवत कापायचं, पानगळीत पन्हाळी साफ करायच्या, थंडीत बाहेरच्या पायऱ्यांवरचा बर्फ वितळायला मीठ टाकायचं. काम झालं की त्या त्याला आत बोलवायच्या, घरी भाजलेला ॲपल पाय वाढायच्या आणि चर्चमधल्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. तळघराचं दार स्वयंपाकघरातच होतं. हॉलिस त्याच्याकडे पाठ करून बसे. घाई केली तर म्हातारी बिथरेल, आपण होऊन विषय निघू दे, असा त्याचा हिशोब. वर्षांवर वर्षं गेली. विषय निघाला नाही आणि हॉलिसनेही काढला नाही. पण रोज झोपताना तो मनातल्या मनात त्या तळघराच्या पायऱ्या उतरत असे.

त्या वर्षी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला त्या आठवड्यात तो टोबिनच्या दुकानात सहज डोकावला. मधल्या काचेच्या कपाटात, खास दिवे लावून, पर्डीज फेरीच्या बाटल्या मांडल्या होत्या. ओळीने. हिरव्या पट्ट्या जशाच्या तशा.

"दाजी, बसा आधी," टोबिन म्हणाला. "इमोजीनबाईंच्या छपराला गळती लागली होती. मी शिडी घेऊन गेलो, काम केलं, खाली आलो आणि विचारलं, बाई, आर्लोकाकांचं काही जुनं आहे का हो? त्या म्हणाल्या, आहे की, ने. मी म्हटलं, नुसतं नाही नेणार, भाव देणार. दोन फेऱ्यांत सगळं उचललं."

"विचारलंस," हॉलिस म्हणाला.

"मग? न विचारता कसं कळणार?"

हॉलिसने एक बाटली हातात घेऊन उलटी केली, बुडाचा आकडा पाहिला, परत ठेवली. छान आहेत म्हणाला. बाहेर येऊन तो पिकअपमध्ये बसला. आयत्या बिळावर नागोबा, असं तो पुटपुटला. पण बिळाचं दार इतकी वर्षं आपण राखलं आणि साधं ठोठावलंही नाही, हे त्याला आतून टोचत होतं, आणि त्यामुळेच राग दुप्पट झाला.

शनिवारी तो इमोजीनबाईंकडे गेला. त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी खुशीत. टोबिनने त्यांना हसवून हसवून बेजार केलं म्हणे. छपरावर उभा राहून त्याने गाणं म्हटलं. हॉलिसच्या ताटातला ॲपल पाय तसाच राहिला.

"मला विचारलं असतंत तर..." तो कसाबसा म्हणाला.

"तुला?" त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "अरे, तुझ्याशी मी देण्याघेण्याचं बोलले असते का? आर्लो गेल्यापासून या दारात जो येतो तो खाली काय आहे याचा वास घेत येतो. तू एकटा असा, की कधी त्या दाराकडे ढुंकून पाहिलं नाहीस. मी बहिणीला सांगते, हॉलिस माझ्यासाठी येतो."

हॉलिसने काटा उचलला आणि ताटातला पाय संपवला.

पुढच्याच आठवड्यात ते घडलं. सिनसिनाटीहून लँग्स्टन नावाचे दातांचे डॉक्टर आले होते, टोबिनकडची सगळी पर्डीज फेरी एकगठ्ठा घ्यायला. सौदा ठरत आला होता. दुकानातून जेवायला म्हणून ते कोपऱ्यावरच्या खाणावळीत आले आणि तिथे काउंटरवर त्यांना हॉलिस दिसला. त्यांनी त्याचं नाव ऐकलेलं होतं. शेजारी बसून त्यांनी विचारलं, की तुम्ही त्या बाटल्या पाहिल्यात, तुमचं मत काय?

हॉलिसने कॉफी ढवळली. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

"मी तुमच्या जागी असतो," तो म्हणाला, "तर त्या पट्ट्या जरा नीट पाहिल्या असत्या."

एवढंच. यात खोटं काय होतं? पट्ट्या कुणीही नीटच पाहायच्या असतात. पण डॉक्टर उठले ते थेट गाडीत बसून सिनसिनाटीला गेले.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचा कार्यक्रम होता. सगळं गाव रांगेत. हॉलिस ताट घेऊन बसला तेव्हा शेजारच्या टेबलावर तेच चाललं होतं: टोबिनचा माल बनावट, मागून भरलेला निघाला, सिनसिनाटीचा माणूस पळून गेला. टोबिन कोपऱ्यात उभा होता आणि नेहमीसारखा कुणाच्या ताटातला तुकडा उचलत नव्हता. हॉलिसला त्या दिवशी मासा फार चविष्ट लागला. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वर्नाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग आपल्या भावाकडे पाहिलं, आणि ती भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पण गावातल्या बातमीला पाय फुटतात तसे हिलाही फुटले. टोबिनला एवढी हुशारी नाही, मग बाटल्या भरल्या कुणी? जो बाटल्या भरायच्याच कामावर होता त्याने. आर्लो हॉबगुडने. कारखान्यातून रिकाम्या बाटल्या आणि पट्ट्या चोरून आणल्या असतील आणि घरी बसून भरल्या असतील.

इमोजीनबाई सोमवारी सकाळी हॉलिसच्या दारात उभ्या राहिल्या. टोपी घातलेली, हातमोजे चढवलेले, जणू प्रार्थनेलाच निघाल्यात. आर्लोने आयुष्यात खिळासुद्धा उचलून आणला नाही, असं त्या म्हणाल्या. "तुझ्या शब्दाला किंमत आहे. सिनसिनाटीचा माणूस आज परत यायचाय, टोबिनने हातापाया पडून बोलावलंय. तू माझ्याबरोबर चल आणि त्याच्या तोंडावर सांग."

वर्ना मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हॉलिसचं जाकीट खुंटीवरून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

दुकानात टोबिनने बाईंना खुर्ची दिली. लँग्स्टन आले. हॉलिसने चष्मा लावला, प्रत्येक बाटली उजेडात धरली, पट्टी पाहिली, बुड पाहिलं. तो हे काम करताना हात अगदी हलके ठेवत असे आणि त्या दिवशीही ठेवले. एवढा नितळ माल त्याने उभ्या जन्मात एकत्र पाहिला नव्हता. हा माझा असायचा होता, हे शेवटच्या बाटलीपर्यंत त्याच्या मनातून गेलं नाही.

"अस्सल आहेत," तो म्हणाला. "सगळ्या. मी लिहून देतो."

लँग्स्टन हसले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त सरळ होता. "गंमत आहे. परवा खाणावळीत तुम्हीच तर मला सावध केलंत."

टोबिनने हॉलिसकडे पाहिलं आणि मग कपाटाच्या काचेवरचा नसलेला डाग पुसायला लागला. इमोजीनबाईंनी आपले हातमोजे सारखे केले.

"टोबिन," त्या म्हणाल्या, "मला घरी सोडशील?"

सौदा झाला. डॉक्टर माल घेऊन गेले आणि गावातली कुजबुजही बंद झाली, कारण हॉलिसने स्वतः लिहून दिलं होतं. त्या दिवसापासून टोबिन त्याला दाजी म्हणेनासा झाला. भेटला की "काय हॉलिस" म्हणायचा, हसून, आणि पुढे जायचा. वर्नाने भांडण काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार आला तेव्हा जावं की न जावं याचा हॉलिसने बराच विचार केला. शेवटी गेला. गवत कापायचं यंत्र पिकअपमधून उतरवत होता तेवढ्यात इमोजीनबाई ओसरीवर आल्या.

"आता खाली काही नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग?"

त्याने टोपी काढली. म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून त्या बाटल्यांसाठीच येत होतो, इमोजीनबाई. नंतरचं मला सांगता येत नाही. आणि टोबिनला त्या एका दुपारीत मिळाल्या, ते मला बघवलं नाही. अजून बघवत नाही."

त्या झोपाळ्यावर बसल्या.

"जळणं म्हणजे काय ते मला नको सांगू," त्या म्हणाल्या. "पोरीच्या लग्नात मी आर्लोला म्हटलं, एक तरी फोड. नाही म्हणाला. रविवारी माझ्याशी बोलायचं सोडून खाली जाऊन त्या पुसत बसायचा. फडकंसुद्धा वेगळं, मऊ. मला कधी कुणी त्या फडक्याने... जाऊ दे. टोबिनने त्या गाडीत भरल्या ना, तेव्हा मी दारात उभी राहून एकेक मोजत हसले. सवत निघाली घरातून."

हॉलिसला हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

"तुला माफ केलं असं समजू नकोस," त्या उठत म्हणाल्या. "आर्लोला चोर म्हणाले लोक, तुझ्यामुळे. गवत मात्र वाढलंय."

दार लागलं. हॉलिसने गवत कापलं, पुढचं आणि मागचं. कुणी आत बोलावलं नाही, पायही मिळाला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मे महिन्यात, टोबिनच्या दुकानाचा पेपरात मोठा फोटो आला त्या आठवड्यात, खिडकी वर झाली आणि इमोजीनबाईंनी विचारलं, की फोटो पाहिलास का.

"पाहिला," हॉलिस म्हणाला.

"झोंबला?"

"झोंबला."

"मग ये आत," त्या म्हणाल्या, "आणि पाय पुसून ये."